काटा वाकडा दिसतो

११ नोव्हेंबर, मंगळवार

शिवलीला गाडीवर मागं बसायला तयार नाही.

आज जुळे सोलापूरला तिच्या मैत्रिणीच्या नातवाचं बारसं होतं. मी गाडी पुसून दारात लावली, किक मारली. ही उंबऱ्यातच उभी. म्हणाली, "मी गाडीवर बसत नाही. रिक्षानं जाऊ." लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून ती या गाडीवर बसते. सिद्धेश्वरी पोटात असतानाही सातव्या महिन्यापर्यंत बसली. आणि आज रिक्षा. गल्लीतले लोक बघत होते.

कारण मला माहीत आहे. दिवाळीत मंद्रूपला तिच्या बहिणीकडं, निंगव्वाकडं गेलो होतो. येताना एका स्पीड ब्रेकरवरून गाडी उडाली. ही पडता पडता वाचली. फराळाचा डबा रस्त्यावर फुटला. त्या ब्रेकरवर पांढरे पट्टे नव्हते. ही म्हणते होते. खरं कारण वेगळंच आहे. गाडीचा वेगाचा मीटर बंद आहे, काटा शून्यावर पडून असतो. वेगच कळला नाही तर ब्रेक कधी मारायचा हे माणसाला कळणार कसं? मी तिला हे नीट समजावून सांगितलं.

तर म्हणते, "मीटर बंद होऊन किती वर्षं झाली! आजपर्यंत कधी पाडलं नव्हतं तुमी."

फेब्रुवारीत निंगव्वाच्या मुलीचं लग्न आहे. तोपर्यंत दोन्ही मीटर उघडून नव्यासारखे करणार. मग बघू कशी बसत नाही. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट म्हणून माझा जन्म गेला. पोरांनी बिघडवलेले कितीतरी मीटर या हातांनी सुरू केले, त्यात हे दोन काय. मे महिन्यात रिटायर झाल्यापासून हात रिकामेच आहेत. लॅबच्या सवयीनं, जे करीन ते इथं लिहून ठेवणार आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मीटर काढले. हेडलाइटच्या वर दोन डबे शेजारी शेजारी बसवलेले आहेत, डावा वेगाचा आणि उजवा इंजिनच्या फेऱ्यांचा. खालून केबल सोडवली, बल्बचे होल्डर ओढून काढले. एक नट हातातून निसटला आणि तासभर सापडेना. शिवलीला झाडू घेऊन आली आणि माझ्या पायाशीच पडलेला उचलून हातात दिला. मग माझ्या डोळ्यांकडं बघत राहिली. अलीकडं ती असंच करते. बोलत नाही, नुसती बघते.

वेगाच्या मीटरची केबल आत तुटलेली आहे. काटा पडून राहण्याचं एक कारण सापडलं. नवी केबल मिळेल. पण एवढ्यावर भागणार नाही. डबाही आतून साफ करायला हवा.

१६ नोव्हेंबर, रविवार

डबा उघडणं सोपं नाही. काचेभोवतीचं लोखंडी कडं कारखान्यात दाबून बसवलेलं असतं. ते पातळ स्क्रूड्रायव्हरनं थोडं थोडं, गोल फिरत उचलावं लागतं. घाई केली की कडं फाटतं. पूर्ण सकाळ त्यात गेली, पण कडं अखंड निघालं. शाबास राजशेखर. कौतुक करायला दुसरं कुणी नाही म्हणून स्वतःच केलं.

आतली रचना बघून जुना मित्र भेटल्यासारखं वाटलं. केबल चुंबक फिरवते. चुंबकावर ॲल्युमिनियमची छोटी वाटी असते. ती चुंबकाला कुठंही चिकटलेली नसते, तरी त्याच्या ओढीनं वळते. केसासारखी एक स्प्रिंग तिला मागं खेचते. दोघांच्या ओढाताणीत काटा जिथं थांबेल तो वेग. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. पेट्रोलमध्ये भिजवलेल्या काडीनं ते काढलं. स्प्रिंगला हात लावला नाही.

मग घड्याळवाल्यांसारखं भिंग उजव्या डोळ्याला लावून काटा तपासला. मधोमध वाकलेला आहे, सापाच्या अंगासारखा. उन्हानं झालं असणार. इतकी वर्षं गाडी कॉलेजच्या पार्किंगमध्ये उन्हात उभी असायची.

फेऱ्यांच्या मीटरचा काटाही तपासला. तोही वाकडा, आणि तोही बरोबर मधोमध.

१७ नोव्हेंबर, सोमवार

न्हाणीघरात उन्हाळ्यात फरशी बसवून घेतली होती. आज अंघोळ करताना डाव्या डोळ्यात साबण गेला. तो मिटून उभा होतो तेव्हा भिंतीकडं लक्ष गेलं. फरशांचे सांधे सरळ नाहीत, मध्ये झोल आहे. गवंड्यानं फसवलं. तेव्हा कसं दिसलं नाही कोण जाणे. शिवलीलाला हाक मारून दाखवलं. डोळा धुऊन मी परत बघेपर्यंत ती म्हणाली, "कुटं वाकडं हाय?" मलाही तेव्हा तितकं वाटलं नाही. ओल्या भिंतीवर उजेड असा पडतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दोन्ही काटे लॅबच्या काचपट्ट्यांमध्ये दाबून दोन दिवस वजनाखाली ठेवले होते. आज काढले. भिंगातून बघितलं तर तसेच वाकडे. चिमट्यानं हळूच उलट दाब दिला. परत बघितलं. वाक तिथंच.

शिवलीला चहा घेऊन आली. मी म्हटलं, "बघ, किती वाकलाय. आणि म्हणे त्या काळचा माल चांगला असायचा."

तिनं काटा उजेडाला धरला. "सरळ हाय की."

"भिंगातून बघ."

भिंगातून बघितलं. "सरळच हाय. नोड्री, सुईसारखा." आमच्या घरात असं कन्नड मध्येच येतं. नोड्री म्हणजे बघा.

मी चिडलो. म्हणालो, "हे यंत्राचं काम आहे, शेवया नाहीत सरळ-वाकड्या ठरवायला." असं बोलायला नको होतं.  ती माझ्याकडं बघत म्हणाली, "अहो, डोळे दाखवून येऊ या का एकदा?"

चष्म्याचा नंबर गेल्या वर्षीच काढला आहे. तसं तिला सांगितलं.

ती आत गेली आणि बराच वेळ कुणाशी तरी फोनवर हळू आवाजात बोलत होती. बहुतेक निंगव्वा. लग्नाच्या साड्यांचं काहीतरी असेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सिद्धेश्वरीचा पुण्याहून फोन. तिच्या ऑफिसात म्हणे आईवडिलांच्या पूर्ण तपासणीची सोय आहे. "अप्पा, लगेच या. डोळ्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं बघतात." सध्या मीटर उघडून ठेवलेत, लग्नानंतर येतो, असं सांगितलं. तर रडकुंडीला आल्यासारखी म्हणाली, "लग्नाचं आणि याचं काय?" ही पोरगी अशी नव्हती. कामाचा ताण असेल. मालक लोक पोरांना पिळून घेतात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काचा टूथपेस्टनं घासून लखलखीत केल्या. ओरखडे गेले. वेगाच्या तबकडीवरचे आकडे अजून स्वच्छ आहेत, फक्त मधले जरा पुसट झालेत. रंग द्यावा लागेल.

वर्तमानपत्राची छपाईही हल्ली बिघडली आहे. दुपारी डाव्या कुशीवर पडून वाचतो, तर मधल्या ओळी खाली बसल्यासारख्या दिसतात. उठून बसलं की ठीक. उशी बदलून बघितली.

३ डिसेंबर, बुधवार

नवा काटा करायचं ठरवलं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची बारीक पट्टी कापली, कानशीनं घासली. हात सांगत होता की सरळ आली आहे. भिंगातून बघितली तर वाकडी. म्हणून शेजारी लॅबची पोलादी पट्टी ठेवली, तुलनेला. ती पट्टीसुद्धा वाकडी दिसली!

म्हणजे भिंग खराब. एवढे दिवस माझ्या लक्षात आलं नाही. उगाच काट्यांचा छळ केला. उद्या नवीन आणतो. आज फार हलकं वाटतंय. शिवलीलाला सांगितलं, "तुझं बरोबर होतं. काटा सरळच आहे, भिंग वाकडं." मला वाटलं ती खूश होईल. ती माझ्या डोळ्यांकडं बघत म्हणाली, "कुठल्या डोळ्याला लावताव ते?"

मी म्हटलं, उजव्या. जन्मभर उजव्याच.

५ डिसेंबर, शुक्रवार

नवीन भिंग आणलं. तसंच.

७ डिसेंबर, रविवार

अशोक चौकाकडं येडूचं दुकान आहे. मोटारसायकलींचे मीटर दुरुस्त करतो. लॅबसाठी कधी बारीक स्क्रू लागले तर मी त्याच्याकडून न्यायचो, तेव्हापासूनची ओळख. त्याचे आजोबा तेलंगणातून इथं मागावर कामाला आले होते. माग गेला, हा मीटरकडं वळला. दोन्ही काटे, दोन्ही भिंगं आणि पोलादी पट्टी पिशवीत घालून चालत गेलो. गाडी नेली नाही. का नेली नाही ते माहीत नाही.

येडूनं काटे घेतले, काचेवर ठेवले, फिरवून बघितले.

"काय झालंय सर यांना?"

"वाकलेत."

त्यानं परत बघितलं. "सरळ हायत की. कुणी सांगितलं वाकलेत?"

"भिंगातून दिसतं."

त्यानं माझं भिंग डोळ्याला लावलं, मग दुसरं, मग त्याचं स्वतःचं. मला चेष्टा सहन झाली असती. पण तो चेष्टा करत नव्हता. काटे कागदात गुंडाळून परत देताना हळूच म्हणाला, "सर, चहा घेऊन जावा. बसा जरा."

मी बसलो नाही.

८ डिसेंबर, सोमवार

लॅबमध्ये मी पोरांना सांगायचो, उत्तर चुकलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला. काटा बदलला. भिंग बदललं. पट्टी बदलली. दिवा बदलला. बदलायचं राहिलेलं एकच होतं.

सकाळी शिवलीला देवपूजेत होती. मी स्वयंपाकघरातल्या खिडकीसमोर उभा राहिलो. खिडकीला उभे गज आहेत. उजवा डोळा मिटला. गज सरळ. डावा मिटला. मधले गज आत ओढल्यासारखे वाकले आणि जिथं वाकले तिथं एक राखाडी डाग होता. मी डोळा हलवला की डागही हलायचा. पलीकडच्या भिंतीवर शेजाऱ्यांचं मांजर बसलं होतं. मांजराचे कान दिसत होते, शेपूट दिसत होती. तोंड नव्हतं.

मी तसाच उभा राहिलो.  शिवलीला मागं येऊन उभी राहिली होती, कपाळावर ओली विभूती. माझा डावा डोळा हातानं झाकलेला बघून तिला सगळं कळलं.

मी म्हणालो, "गज वाकडे आहेत."

ती म्हणाली, "अत्ती म्हणायच्या, दाराची चौकट वाकली."

अत्ती म्हणजे तिची सासू, माझी आई, चंद्रव्वा. मी हे विसरलो होतो. किंवा विसरलो नव्हतो, काय की. अव्वा म्हणायची, चौकट वाकली, सुतार बोलवा. आम्ही सुतार बोलवला. त्यानं ओळंबा लावून बघितलं आणि हसत गेला. वर्षभरात अव्वाला माणसांचे चेहरे दिसेनासे झाले. पुढची सगळी वर्षं पाऊल वाजलं की विचारायची, "यारु?" कोण? घरातल्या घरात, दिवसातून कितीदा. शिवलीला प्रत्येक वेळी उत्तर द्यायची, "मी हाय, अत्ती." कंटाळली नाही कधी. मीच कधीकधी उत्तर न देता पुढं जायचो.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. ब्रेकरच्या आधी तुमी माझ्याशी बोलत होताव. पुढं बघतच बोलत होताव. तरी दिसला नाही."

"म्हणून मागं बसत नव्हतीस."

"मग काय मीटरला भिऊन?" म्हणाली आणि रडायला लागली. "मी बसले नाही तर तुमी गाडी काढणार नाही असं वाटलं. सांगायला गेले की तुमी चष्म्याचा नंबर सांगताव. अत्तींचं नाव माझ्या तोंडातनं निघेना."

आम्ही दोघं स्वयंपाकघरात खाली बसलो. दूध उतू गेलं, कुणी उठलं नाही. मला भीती वाटते आहे, हे मी तिला सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं असेल. ती म्हणाली, "मला पण."

मग तीच आधी उठली. "चला. शर्ट बदला."

९ डिसेंबर, मंगळवार

काल गर्दीमुळं नंबर लागला नाही, आज लागला. डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, सिद्धेश्वरीपेक्षा थोड्या मोठ्या. बुबुळं मोठी करायचं औषध घातलं, यंत्रावर हनुवटी टेकवून पडद्याचा फोटो काढला. फोटोत पडद्याचा उभा छेद दिसतो, जमिनीच्या थरांसारखा. उजव्या डोळ्यात मधोमध टेकडी आली आहे. खालून पाणी साचून पडदा उचलला गेला आहे. उचललेल्या पडद्यावर सरळ रेघ वाकडी उमटणारच. कारण कळलं आणि क्षणभर मला, खरं लिहितो, बरं वाटलं. काहीतरी जुळलं.

"आईला होतं का?" बाईंनी विचारलं. शिवलीलानं सगळं सांगितलं, चौकटीसकट.

"तेव्हा यावर इलाज नव्हता. आता डोळ्यात इंजेक्शन देता येतं, दर महिन्याला. आहे ते बहुतेक टिकतं. गेलेलं थोडं परत येतं, सगळं येईलच असं नाही. डावा डोळा चांगला आहे, पण त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं." मग म्हणाल्या, "महिनाभर आधी यायला हवं होतं. इतके दिवस काय करत होता?"

"मीटर दुरुस्त करत होतो," मी म्हणालो.

त्यांना काही कळलं नाही. शिवलीला खिडकीकडं तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती ते औषध घातलेल्या डोळ्यांना दिसलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

इंजेक्शन झालं. डोळ्यात सुई म्हटल्यावर घाबरलो होतो, पण नुसता दाब जाणवला. आतमध्ये काळे फुगे तरंगताना दिसले. बाई म्हणाल्या, जातील. सिद्धेश्वरी रजा काढून आली होती. मला धरून रिक्षात बसवताना म्हणाली, "आईनं सांगितलं तेव्हापासून झोप नाही मला." म्हणजे तो फोन निंगव्वाला नव्हता.

बाईंनी गाडी चालवायला तूर्त मनाई केली आहे. पुढचं पुढं बघू म्हणाल्या. 

२२ डिसेंबर, सोमवार

काही लिहावंसं वाटलं नाही इतके दिवस. मीटर टेबलावर उघडे पडले आहेत. शिवलीलानं त्यांच्यावर जुनं धोतर टाकून ठेवलं आहे.

आज तिला सांगितलं की गाडी मी पुन्हा चालवणार नाही. बाईंनी उद्या परवानगी दिली तरीही नाही. मागं माणूस बसलेलं असताना मला न दिसलेला ब्रेकर आता मला दिसतो, रोज दिसतो. ती आत गेली. थोड्या वेळानं शिरा करून आणला. शिरा खाताना मला राग येत होता, कुणावर ते कळत नव्हतं.

१४ जानेवारी, बुधवार

सिद्धेश्वराची यात्रा सुरू आहे. काल देवाच्या लग्नाचा अक्षता सोहळा झाला. दरवर्षी गर्दीत पुढं घुसून बघतो, यंदा एका गच्चीवरून बघितला. नंदीध्वजांच्या उंच काठ्या सरळ उभ्या दिसल्या. दोन्ही डोळ्यांनी बघत होतो म्हणा. पण घरी येऊन रोजच्यासारखा डावा झाकून बाईंनी दिलेला आलेखाचा कागद बघितला. मधल्या रेघा अजून वाकड्या आहेत, डाग मात्र फिका झाला आहे. सोमवारी दुसरं इंजेक्शन झालं होतं. बाई म्हणाल्या, पाणी उतरतंय.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी शिवलीलानं स्वतःच मीटरवरचं धोतर काढलं. "हे असं किती दिवस ठेवणार? काय राहिलंय यात?"

म्हटलं, काटे बसवायचे राहिलेत. भिंग डाव्या डोळ्याला लावून बघितलं, सवय नसल्यामुळं हात भलतीकडंच जातो. काटा दोनदा पडला.

"मला सांगा," ती म्हणाली आणि समोर बसली.

इतकी वर्षं गल्लीतल्या बायकांच्या ब्लाउजला हुक लावणारे हात आहेत ते. मी शिकवायला लागलो की ती वैतागायची आणि मी लॅबमधला आवाज काढतो म्हणायची. काढत असेन. काट्यांचा नारिंगी रंग उडून पांढरा झाला होता. सिद्धेश्वरीची नेलपॉलिशची जुनी बाटली तिनं शोधून काढली आणि एका दमात, न थरथरता, दोन्ही काटे रंगवले. वाळल्यावर चिमट्यात धरून दांडीवर टेकवले.

"जरा खाली. शून्याच्या खाली. स्प्रिंगला थोडा ताण हवा," मी सांगत होतो.

"हितं?"

"मला दिसत नाही. तू सांग, तबकडीवर बारीक खूण आहे का?"

"हाय."

"तिथंच. आता बोटानं हलकं दाब. तव्यावर फुलका काढताना दाबतेस तितकंच."

"फुलका तुमी कधी काढलाव?" म्हणाली, पण दाबला बरोबर.

डाळ करपली. मग नवी केबल ड्रिल मशीनला जोडली आणि मी बटण दाबलं. काटा थरथरला, उचलला गेला आणि वर चढला. शिवलीलानं टाळी वाजवली. मीही बघितलं, आधी डाव्यानं, मग मुद्दाम उजव्यानं. उजव्याला काटा मधे पुसट होतो आणि पलीकडं परत दिसतो. ते तसंच राहणार असं वाटतं. कडं दाबून बसवलं, ते काम मात्र डोळे मिटूनही जमलं असतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सिद्धेश्वरी लग्नासाठी आली. कॉलेजात असताना तिला ही गाडी मीच शिकवली होती, पार्क मैदानाच्या बाजूला, पहाटे, शिवलीलाला न सांगता. आज तिनं प्लग साफ केला, पेट्रोल घातलं. किक मारल्या. गल्ली धुरानं भरली. मी गाडीवर परत बसवलेल्या मीटरचा काटा हलताना बघून किंचाळली.

"अप्पा, मंद्रूपला हिच्यावर जाऊ. तुम्ही मागं बसा."

८ फेब्रुवारी, रविवार

शिवलीला सकाळीच पाहुण्यांच्या टेम्पोतून पुढं गेली. मी आणि सिद्धेश्वरी मागून गाडीवर निघालो.

स्वतःच्या गाडीवर मागं बसायला मला येत नव्हतं. हात कुठं ठेवायचे, पाय कुठं, काही माहीत नव्हतं. लेकीच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो खांदा मला वाटला होता त्यापेक्षा भक्कम निघाला. विजापूर रोडला लागल्यावर मी आवाजावरून वेग ओळखायचा आणि तिनं मीटर वाचून सांगायचं असं चाललं होतं.

"चाळीस?"

"बेचाळीस!"

तो ब्रेकर आला. तिनं बराच आधी वेग कमी केला. ब्रेकरवर पट्टे होते. झिजलेले, जुने. दिवाळीतही असणार.

लग्न छान झालं. निंगव्वानं सगळ्यांदेखत विचारलं, "डोळ्याचं कसं हाय दाजी?" आणि मी सगळ्यांदेखत सांगितलं. आश्चर्य म्हणजे सोपं गेलं. नवऱ्या मुलाच्या काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं की त्यांनाही विजेचा खांब वाकडा दिसतो, ते काय असेल? मी त्यांना एकेक डोळा झाकायला लावला. उद्याच सोलापूरला या, मी डॉक्टरीणबाईंकडं घेऊन जातो, असं सांगितलं.

निघायच्या वेळी पाहुण्यांचा टेम्पो भरला होता. मी म्हटलं, शिवलीला आणि मी एसटीनं येतो. शिवलीला मांडवाबाहेर उभ्या केलेल्या गाडीकडं बघत होती. मग पदर कमरेला खोचला आणि सिद्धेश्वरीला म्हणाली, "सर जरा पुढं. मी येते तुझ्यासंगं."

बसली. पूर्वी बसायची तशीच, एका बाजूनं, एक हात खांद्यावर, दुसरा सीटच्या पट्ट्याला. बसताना माझ्याकडं बघितलं नाही. सिद्धेश्वरीनं किक मारली आणि दोघी गेल्या. मी आहेराची पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा होतो. हिरवी साडी वळणापर्यंत दिसत होती. तीन महिने मी ज्यासाठी धडपडत होतो ते झालं होतं, ती बसली होती आणि मी खाली उभा होतो. वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी आनंदही वाटत होता. दोन्ही कसं वाटू शकतं ते मला लिहिता येत नाही.

एसटीत उभ्यानं आलो. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सिद्धेश्वरी मैत्रिणीकडं गेली होती. शिवलीलानं लग्नातली साडी बदलून चहा टाकला होता. मी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "नीट आलात ना?"

"आलो की." तिनं कप माझ्या डाव्या हाताशी ठेवला. स्वतःचा कप घेऊन समोर बसली.

"पोरगी लई जोरात चालवते," ती म्हणाली. "तुमीच बरं चालवत होताव."